अंजिराची फळं सुपारीएवढी होऊन गळतात – हाताने परागीकरण करावं का?

कुंडीतला_माळी

घरच्या बागेत अंजिराची तीन झाडं आहेत. तिन्हींचं दुखणं वरवर एकच दिसतं: फळ धरतं, सुपारीएवढं होतं, पिवळं पडतं, गळतं. तपशील असा:

१) जमिनीतलं झाड, सुक्या अंजिराच्या बियांपासून वाढवलेलं. पाच वर्षांचं, डोक्यावर गेलेलं, पानं निरोगी. फळं भरपूर लागतात, एकही पिकत नाही.

२) 'कडोटा', छाट कलमाचं, ४५ लिटरच्या कुंडीत, तिसरं वर्ष. काही फळं पिकतात, बरीच गळतात, उरलेल्यांतली काही तडकतात.

३) 'डेझर्ट किंग', जमिनीत. हंगामाच्या सुरुवातीला मोजकी मोठी फळं मिळतात. नंतर नव्या फुटीवर लागलेली झाडून सगळी गळतात. दर हिवाळ्यात सगळ्या फांद्या निम्म्यावर छाटतो.

तिघांनाही ६–७ तास थेट ऊन आहे. अंजिराला एक खास माशी लागते आणि ती नसेल तर सिरिंजने पराग आत सोडता येतात, असं वाचलं. मग पराग नक्की कुणाला द्यायचे आणि आणायचे कुठून? बियांचं झाड नर निघालं तर त्याचेच पराग बाकीच्यांना चालतील का? आणि जवळच उंबर आहे, त्यातली केंबरं हे काम करतील का?

परागनळी

सिरिंज तूर्त बाजूला ठेवा. तिन्ही झाडांचं दुखणं वेगवेगळं आहे आणि पराग देऊन फायदा झालाच तर एकाच्या एका बहराला होईल.

आधी उंबराचं. नाही, ती केंबरं कामाची नाहीत. जवळपास प्रत्येक फायकस प्रजातीची माशी वेगळी असते. अंजिराची, म्हणजे फायकस कॅरिकाची, माशी ब्लास्टोफॅगा प्सेनेस. उंबराची माशी वेगळ्या कुळशाखेतली आहे आणि ती अंजिराकडे ढुंकूनही बघत नाही. मधमाश्या, फुलपाखरं यांचा तर प्रश्नच नाही, कारण फुलं फळाच्या पोटात असतात आणि आत जायला तळाचा 'डोळा' सोडून वाट नाही. तो डोळाही खवल्यांनी बंद असतो. साधारण २ मिमी लांबीची ती मादी माशी या खवल्यांतून घुसते तेव्हा तिचे पंख बहुधा तिथेच तुटून राहतात.

आता जातींचे गट. परागांच्या दृष्टीने खाण्याच्या अंजिराचे तीन गट पडतात.

सामान्य गट: पराग न मिळताही फळ पिकतं. कडोटा, ब्राऊन टर्की, ब्लॅक मिशन, सेलेस्ट, आपल्या ओळखीचं पुणे अंजीर ही सगळी यात येतात. घरच्या बागेत लावलेली बहुतेक झाडं याच गटातली असतात.

स्मर्ना गट: पराग मिळाले नाहीत तर मुख्य बहराचं फळ पिकतच नाही. तुर्कस्तानातली सारीलोप ही याची प्रसिद्ध जात. तीच कॅलिफोर्नियात कॅलिमर्ना झाली. बाजारातलं मोठं, सोनेरी, दाताखाली बिया कुरकुरणारं सुकं अंजीर बहुधा हेच असतं.

सान पेद्रो गट: जुन्या, म्हणजे गेल्या हंगामाच्या लाकडावर येणारा पहिला बहर (ब्रेबा) परागांशिवाय पिकतो. नव्या फुटीवरचा मुख्य बहर मात्र परागांशिवाय गळतो. तुमचं डेझर्ट किंग नेमकं याच गटातलं आहे. म्हणजे ते आजारी नाही, गटाच्या स्वभावाला धरूनच वागतंय.

याशिवाय चौथं म्हणजे कॅप्रीफिग, नर अंजीर. याच्या फळात डोळ्याजवळ पुंकेसर असतात आणि आत आखूड कुक्षीवृंताची (म्हणजे मादी फुलाच्या बीजांडावरच्या नळीची) मादी फुलं. माशी त्या आखूड फुलांत अंडी घालते, कारण तिची अंडी घालण्याची नळी तिथल्या बीजांडापर्यंत पोचते. खाण्याच्या अंजिरात कुक्षीवृंत लांब असतो, नळी पोचत नाही. माशी आत शिरून फसते, पण अंगावरचे पराग फुलांना लागतात. तिची पिढी तिथेच संपते आणि अंजिराला बी धरतं.

तुमच्या क्रमांक एकच्या झाडाचं मूळ इथे आहे. सुक्या अंजिराची बी रुजली याचाच अर्थ त्या फळाला पराग मिळाले होते. (पराग न मिळालेल्या अंजिरातही बिया दिसतात, पण त्या पोकळ असतात, पाण्यावर तरंगतात.) पराग देणारा बाप कॅप्रीफिगच असतो, त्यामुळे त्याच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. उरलेल्या माद्यांतल्या बऱ्याच पराग मागणाऱ्या. परागांशिवाय चांगलं फळ देणारं रोप बियांतून मिळणं ही लॉटरी आहे.

नर की मादी हे या आठवड्यात कळू शकतं. झाडावर सगळ्यात जास्त टिकलेलं, पिवळं पडायला लागलेलं फळ तोडा आणि देठापासून डोळ्यापर्यंत उभं कापा. भिंग घ्या. डोळ्याच्या लगेच आतल्या बाजूला, खवल्यांखाली, फिकट दाण्यांसारखे परागकोश झुपक्याने दिसले आणि बाकीची फुलं आखूड, गोलसर बुडाची असली तर नर. आतून भिंतीपासून मधल्या पोकळीपर्यंत लांब दोऱ्यांसारखी फुलं आणि डोळ्याजवळ पुंकेसर अजिबात नाहीत, तर मादी. लहान फळात परागकोश अगदी बारीक असतात, म्हणून एकावर निकाल देऊ नका, चार-पाच कापा.

मुळारंभ

कडोटाबद्दल. ते सामान्य गटातलं, म्हणजे गळ आणि तडकणं दोन्हींचा परागांशी संबंध नाही. उलट कडोटाला पराग मिळाले तर फळ मोठं होतं पण साल हिरवी राहते, आतून बियाळ होतं. कडोटाचं कौतुक ज्या मऊ, मधाळ गरासाठी आहे तोच बिघडतो.

गळ आणि तडक एकाच झाडावर असेल तर पाण्याचा चढउतार हे पहिलं कारण धरा. अंजिराची पानं मोठी, मुळं बारीक आणि दाट. ४५ लिटरच्या कुंडीत तिसऱ्या वर्षी ती भरून गेलेली असतात आणि कडक उन्हात दिवसाला एकदा पाणीसुद्धा कमी पडतं. माती एकदा जरी पूर्ण सुकली तरी झाड आधी कोवळी फळं टाकतं. मग आपण घाईने भरपूर पाणी देतो, पिकत आलेलं फळ एकदम फुगतं आणि साल फाटते.

कुंडी आडवी करून झाड ओढून बघा. मुळांचा गोल गोळा झाला असेल, तर झाड सुप्त असताना, पानगळीनंतर आणि फांदीवरचे डोळे (अंकुर) फुगायच्या आधी, गोळ्याचा बाहेरचा ४–५ सेंमी थर करवतीने सगळीकडून उतरवा, खालूनही तेवढाच. त्याच कुंडीत नवं मिश्रण भरून लावा आणि वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्शाने कमी करा, म्हणजे मुळं आणि शेंडे यांचं गणित जुळतं. हे दर दोन-तीन वर्षांनी करायचं काम आहे. मिश्रण जड नको: चार भाग जाड परलाइट किंवा झाडाच्या सालीचे तुकडे, तीन भाग कुजलेलं कंपोस्ट, दोन भाग बागेची माती. नुसतं कोकोपीट आणि शेणखत भरलं तर वर्षभरात ते बसतं, खाली चिखल होतो आणि पानं पिवळी पडतात. त्याला लोक खताची कमतरता समजून आणखी खत घालतात.

मुळं धुऊन त्यांवर गाठीही बघा. मण्यांसारख्या गाठी मुळांच्या अंगातच असतील, नखाने सुटत नसतील, तर सूत्रकृमी आहेत. कुंडीत औषधोपचार करत बसण्यापेक्षा निरोगी फांदीचं छाट घेऊन नव्या मातीत नवं झाड करा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका.

खत कोणतं देता ते लिहिलं नाहीत. पेरांतलं अंतर ८–१० सेंमी झालंय, पानं गर्द आणि ताटाएवढी, पण पानाच्या बगलेत कोवळं फळ नाही, अशी लक्षणं असतील तर नत्र जास्त झालंय. वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी पालाश जास्त असलेलं पातळ खत पुरतं. फळं रंग धरायला लागली की बंद.

कुंडीतला_माळी

धन्यवाद. बियांच्या झाडाची सहा फळं कापली. सहाही फळांत डोळ्याच्या आत दाण्यांचा झुपका आहे, फिकट पांढरट, बंद. बाकी आत कोरडं, पोकळ. म्हणजे नर? मग त्याचे पराग डेझर्ट किंगला वापरता येतील?

कुंडीत मुळांचा गोळा झालाय, गाठी नाहीत. खत शेणखत आणि जोडीला युरिया.

परागनळी

नर आहे. पण त्याचे पराग मिळणार नाहीत, आणि हा मुद्दा बहुतेक लेखांत सुटतो.

कॅप्रीफिगच्या एकाच फळात मादी फुलं आधी तयार होतात आणि पुंकेसर जवळपास दोन महिन्यांनी. मधल्या काळात फळ झाडावर टिकतं ते आत माशीच्या अळ्या वाढत असतात म्हणून. माशीच नसेल तर बहुतेक कॅप्रीफिगची फळं परागकोश पिकायच्या आत गळतात. तुम्ही पाहिलेला बंद, पांढरट झुपका तोच. काही मोजक्या नर जाती माशीशिवायही फळ टिकवतात आणि पराग सोडतात. तुमचं झाड त्यांतलं असतं तर पाच वर्षांत एखादं तरी फळ मऊ होईपर्यंत टिकलं असतं.

म्हणजे पराग बाहेरून यायला हवेत: जिथे माशी नांदते तिथल्या, वसंतातल्या पहिल्या बहराच्या कॅप्रीफिगमधून (याला प्रोफिकी म्हणतात, सगळ्यात जास्त पराग याच बहरात) किंवा माशीशिवाय टिकणाऱ्या नर जातीतून. मात्र अख्खं कॅप्रीफिग फळ एका प्रदेशातून दुसरीकडे नेऊ नका. त्यातून माशी आणि फ्युजेरियमची बुरशी दोन्ही येतात, आणि वनस्पती-विलग्नवासाचे (क्वारंटाइनचे) नियमही आड येतात. चाळून कोरडे केलेले पराग त्या मानाने सुरक्षित, पण नियम त्यांनाही लागू असू शकतात, आधी विचारून घ्या.

पराग हाती आले असं धरून कृती लिहितो.

पराग काढणं: फळ बोटाला मऊ लागलं, डोळ्याचे खवले सुटले की तोडायचं. उभं कापून कापलेली बाजू खाली करून गुळगुळीत काळ्या कागदावर सावलीत ठेवा. पंखा नको. १२ ते २४ तासांत परागकोश उघडतात आणि कागदावर पिवळसर भुकटी दिसते. टिचकी मारून झाडा, बारीक जाळीतून चाळा. परागकोशांची टरफलं आणि माश्यांचे तुकडे राहू देऊ नका, बुरशी तिथूनच सुरू होते. छोट्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतात, फ्रीझरमध्ये जास्त. गार बाटली लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर हवेतली वाफ परागांवर धरते आणि सगळं वाया.

वेळ: इथेच बहुतेकांचं चुकतं. फळ साधारण १ ते २ सेंमी व्यासाचं असताना आतली फुलं परागांना तयार असतात. पण मापावर विसंबू नका. त्याच फांदीवरचं, त्याच मापाचं एक फळ कापा. कुक्षी (मादी फुलांची पराग झेलणारी टोकं) पांढऱ्या, ओलसर चमकणाऱ्या दिसल्या तर वेळ बरोबर. अजून हिरवट आणि घट्ट मिटलेल्या असतील तर चार दिवस थांबा. तपकिरी झाल्या असतील तर त्या फळाची गाडी चुकली. बाहेरून खूण म्हणजे डोळ्याचे खवले किंचित सैल पडतात. फांदीवर फळं खालून वर क्रमाने लागतात, सगळी एका दिवशी तयार होत नाहीत, म्हणून दर ४–५ दिवसांनी फेरी मारायची आणि झालेल्या फळाच्या देठाला दोरा बांधायचा.

पराग सोडणं: १८ किंवा २० गेजची बोथट सुई, मागे छोटा रबरी फुगा. यापेक्षा बारीक सुईत कोरडे पराग तुंबतात. सुईच्या टोकात चिमूटभर पराग भरा, डोळ्यातून सावकाश पोकळीपर्यंत न्या, एक हलका दाब द्या. आतली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर पराग उलटे फुग्यात येतात. त्यासाठी आधी फळाच्या कुशीत साध्या टाचणीने एक भोक पाडा. त्यातून चीक येतो, तो टिपून घ्या. सुईच कुशीतून घातली तर त्या चिकाने तिचं तोंड बंद होतं, म्हणून डोळ्यातूनच. दोन फळांच्या मध्ये सुई स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटने पराग मरतात.

पाण्यात पराग कालवून टोचायची पद्धतही सांगितली जाते. साध्या पाण्यात पराग फुटतात. साधारण १० टक्के साखरेच्या द्रावणात तग धरतात, पण मग फळाच्या पोटात आपणच साखरपाणी भरतो आणि आंबण्याला आमंत्रण देतो. माझं मत कोरड्यालाच.

जमलं की नाही हे दोन-तीन आठवड्यांत कळतं. दोरा बांधलेलं फळ हिरवं, टणक राहून फुगतं. न बांधलेलं त्याच फांदीवर सुरकुतून पिवळं होतं.

ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीची झाडं आणली गेली, वाढली आणि फळं गळत राहिली. १८९० च्या सुमारास फ्रेस्नोला जॉर्ज रोडिंग यांनी हाताने पराग घालून फळं पिकवून दाखवली, तेव्हा कुठे दोष झाडाचा नाही हे बागायतदारांना पटलं. माशी तिथे स्थिरावली १८९९ मध्ये.

शेंडाखुडी

वरची कृती बरोबर आहे, पण डेझर्ट किंगसाठी एवढा खटाटोप करायची मुळात गरज नाही. या झाडाचा खरा शत्रू तुमची छाटणीची कात्री आहे.

या जातीचा न मागता मिळणारा बहर म्हणजे ब्रेबा, आणि तो येतो गेल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाकडच्या पेरांवर. पान गळलेल्या फांदीच्या शेंड्याजवळ बघा: टोकदार डोळा पानाचा, त्याच्या शेजारचा गोल, बुटका डोळा ब्रेबाचा. दर हिवाळ्यात फांद्या निम्म्यावर आणता म्हणजे हे गोल डोळे तुम्ही स्वतःच्या हाताने कापून टाकता. जी मोजकी फळं मिळतात ती कात्रीतून वाचलेली.

यंदा हिवाळ्यात शेंड्यांना हात लावू नका. फक्त मेलेली, आत वळलेली, एकमेकांवर घासणारी फांदी बुडापासून काढा. उंची आवरायची असेल तर ब्रेबा तोडून झाल्यावर लगेच, आणि तीही एका वर्षी तिसरा हिस्सा फांद्यांवरच. कापलेल्या फांद्यांवर फुटणाऱ्या नव्या काड्या पुढे बहर देतील, तोवर न कापलेल्या देत राहतील. असं तीन वर्षांचं चक्र लावलं की झाड आटोक्यात राहतं आणि फळही चुकत नाही. मुख्य बहराची फळं दिसताच खुडून टाका. गळणारच आहेत, झाडाने त्यांच्यावर ताकद का घालवावी?

कडोटाला मात्र हिवाळी छाटणी चालते, कारण त्याचा मुख्य बहर नव्या फुटीवर येतो. उलट नवी फूट ५–६ पानांची झाली की शेंडा खुडा, फळं लवकर धरतात. खाली उघडी पडलेली फांदी फुटत नसेल तर सुप्त डोळ्याच्या जरा वर आडवी खाच पाडा, सालीतून थेट लाकडापर्यंत. डोळ्याच्या खाली पाडलीत तर उपयोग नाही, शेंड्याकडून खाली येणारा, डोळ्याला दाबून ठेवणारा संप्रेरकाचा प्रवाह तोडायचा असतो.

आणि हे सगळं करताना हातमोजे घाला. अंजिराचा चीक अंगावर पडून त्यावर ऊन लागलं की कातडीवर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. नुसत्या चिकापेक्षा चिकावरचं ऊन जास्त भारी पडतं, म्हणून ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी काम करा.

मुळारंभ

युरिया बंद करा, कडोटाचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

नर झाड तोडू नका, पाच वर्षांची मुळं फुकट मिळाली आहेत. त्यावर सामान्य गटातली जात कलम करा. कडोटाच्याच काड्या चालतील. झाड सुप्त असताना पेन्सिलीच्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या कापा, ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. खुंटाचे, म्हणजे नर झाडाचे, डोळे फुगायला लागले, साल लाकडापासून सहज सुटायला लागली की कलमाची वेळ. ३–५ सेंमी जाडीच्या फांदीवर साल कलम (काडी सालीखाली सरकवून) सोपं जातं, बारीक फांदीवर पाचर कलम (काडी चिरेत बसवून). फांदी आदल्या दिवशी कापून ठेवा आणि कलमाच्या वेळी कापाचा टवका पुन्हा ताजा करा, म्हणजे चिकाचा बराचसा पाझर आधीच होऊन जातो. पट्टी घट्ट बांधून काडीचं वरचं तोंड मेणाने बंद करा. एक फांदी न कापता तशीच ठेवा, ती मुळांना पोसते. कलमं हातभर वाढली की तीही काढा. कलमाच्या खालून येणारी प्रत्येक फूट नर आहे हे विसरू नका. ती जोमदार असते आणि दुर्लक्ष झालं तर दोन हंगामांत कलमाला दाबून टाकते.

कुंडीतला_माळी

कळलं. शेवटचं एक. कडोटाची फळं टणक हिरवी होऊन तशीच अडून बसतात, पुढे सरकतच नाहीत. डोळ्यावर तेल लावतात म्हणे, ते खरं का? आणि खाताना माशी पोटात जाते का?

परागनळी

अडून बसणं स्वाभाविक आहे. अंजीर सुरुवातीला झपाट्याने वाढतं, मग कित्येक आठवडे मापात फरक पडत नाही, आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगून, रंग बदलून मऊ होतं.

तेलाचं खरं आहे, जुनी युक्ती आहे. डोळ्यावर खाद्यतेलाचा एकच थेंब, तोही थांबलेला टप्पा संपत आला असताना. आतला गर गुलाबी किंवा मधाळ रंगाकडे झुकायला लागला असेल तर साधारण आठवड्याभरात फळ पिकतं. त्याआधी लावलंत तर बेचव राहतं. एक फळ कापून बघा आणि मगच बाकीच्यांना लावा. तेल परागांची जागा घेत नाही, त्यामुळे डेझर्ट किंगच्या मुख्य बहरावर वाया घालवू नका.

तोडायची घाईही नको. तोडल्यावर अंजीर मऊ पडतं पण गोडी वाढत नाही. मान वाकून फळ लोंबायला लागलं, सालीवर बारीक रेघा उमटल्या की तोडा. कडोटाच्या डोळ्यावर मधाचा थेंब येतो, तो पुसू नका. त्याने डोळा बंद होतो, आंबवणारे किडे आणि चिलटं आत जात नाहीत.

माशीचं: तुमच्या बागेत ती नाही, म्हणजे फळात नाही. जिथे असते तिथेही फळातलं फिसीन हे विकर (एन्झाइम) तिच्या मऊ भागांचा बराचसा निकाल लावतं आणि दाताखाली येतात त्या बियाच.

शेंडाखुडी

फळ पिकायच्या आठवडाभर आधी प्रत्येकावर जाळीदार पिशवी चढवा आणि खोडाला चिकट पट्टी गुंडाळा. मुंग्यांना आणि पक्ष्यांना पिकल्याची खबर तुमच्या आधी लागते.